जिनिंगच्या सर्व्हरवरचे मॉड्यूल काढताना

आमच्या जिनिंगवर रात्रपाळीचा ऑपरेटर मोबाईलमध्ये दर दोन तासांचा गजर लावून बसायचा. गजर वाजला की कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडायचा, पासवर्ड टाकायचा आणि वर दिसणाऱ्या पट्टीतलं ‘रिसेट ट्रायल’ बटण दाबायचं. मी नवीन होतो, म्हणून विचारलं, हे काय करता? तर म्हणाला, “काही नाही भाऊ, मीटर झोपते. बटन दाबलं का उठते.” कोणी सांगितलं म्हटलं, तर आधीच्या ऑपरेटरनं. त्याला त्याच्या आधीच्यानं. मेंटेनन्सच्या वहीतही तसंच लिहिलेलं होतं, ग्रीस आणि बेल्टच्या नोंदींच्या मधोमध: ‘दर २ घंटे रिसेट’.

आमचं जिनिंग-प्रेसिंग पांढरकवड्याच्या बाजूला आहे. दसरा-दिवाळीपासून कापूस सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत गाड्यांची रांग असते. डबल रोलर जिन, त्यांना कापूस टाकणारं ऑटोफीड, प्री-क्लीनर, रुई ओढणारे पंखे, शेवटी १७० किलोची गाठ बांधणारा प्रेस. ऑटोफीड आणि प्रेसला पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारे छोटे कंट्रोलर, आहेत. त्यांच्यावर सगळं एकत्र दाखवायला इग्निशन बसवलेलं आहे. इंडक्टिव्ह ऑटोमेशन नावाच्या अमेरिकन कंपनीचं हे सॉफ्टवेअर. ज्यांनी ते आमच्याकडे बसवलं त्यांनी बिल घेतलं, एक पेन ड्राइव्ह दिला आणि नंतर फोन उचलणं सोडलं. त्यांच्याबद्दल इतकंच.

ज्यांना इग्निशन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मधला सर्व्हर म्हणजे गेटवे. तो विंडोजमध्ये सर्व्हिस म्हणून चालतो आणि ब्राउझरमध्ये ८०८८ पोर्टवर उघडतो. त्याच्या अंगात स्वतःचं काम थोडंच. पीएलसीशी बोलायचं तर ओपीसी यूए मॉड्यूल आणि त्यावर बसणारे ड्रायव्हर, स्क्रीन दाखवायची तर व्हिजन किंवा पर्स्पेक्टिव्ह, जुनी रीडिंग साठवायची तर टॅग हिस्टोरियन, कागद काढायचा तर रिपोर्टिंग. प्रत्येक काम एक मॉड्यूल. लायसन्सही मॉड्यूलप्रमाणे. टॅग (म्हणजे एकेका रीडिंगचं नाव) किती आणि स्क्रीन किती जागी उघडता याचे वेगळे पैसे पडत नाहीत, ही गोष्ट आमच्यासारख्या ठिकाणी फार बरी पडते. ज्या मॉड्यूलचं लायसन्स नाही ते दोन तास चालतं आणि थांबतं. बटण दाबलं की पुन्हा दोन तास. शिकणाऱ्यासाठी ही सोय उत्तम आहे. आमच्याकडे मात्र तिच्यावर अख्खा सीझन चालत होता.

तर लायसन्स कशाचं नव्हतं? ओपीसी, ड्रायव्हर, पर्स्पेक्टिव्ह, हिस्टोरियन यांचं होतं. वापरातल्यांपैकी नव्हतं ते दोघांचं. एक रिपोर्टिंग. दुसरं एनर्जी मीटर वाचणारं, तिसऱ्याच एका पार्टीनं बनवलेलं मॉड्यूल. म्हणूनच स्क्रीन, प्रेस, गाठींची मोजणी हे सगळं रात्रभर धडधडत राहायचं आणि फक्त ‘मीटर झोपायचं’. ऑपरेटरनं निदान बरोबरच केलं होतं, फक्त कारण त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मीटर झोपलं तर बिघडतं काय, असं कोणी विचारेल. आमचं कनेक्शन उच्चदाबाचं. २०२० च्या एप्रिलपासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर बिल येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खरोखर कामी येणारा हिस्सा) पडला की युनिट आपोआप फुगतात. जिनच्या मोटारी अर्ध्या लोडवर चालत असल्या की पॉवर फॅक्टर पडतोच. कपॅसिटर पॅनल नीट काम करतं की नाही हे आलेखावरच कळतं, आणि आमच्या आलेखाला मधेमधे दात पडलेले. ऑपरेटरला डुलकी लागली, तो चहाला गेला, प्रेसवर काही अडकलं, की तेवढा तुकडा गायब. नेमका पहाटेचा तुकडा बहुतेक वेळा नसायचाच.

गेटवेच्या कॉन्फिगमध्ये मॉड्यूल्सचं पान उघडलं तेव्हा यादी संपता संपेना. आमच्याकडे नसलेल्या कंपन्यांच्या पीएलसीचे ड्रायव्हर, इमारतींच्या एसीसाठी लागणारा बॅकनेटचा ड्रायव्हर, वीजकेंद्रात लागणारा डीएनपी-३, फोन करून अलार्म सांगणारं व्हॉइस मॉड्यूल, एसएमएसचं मॉड्यूल, पायरीपायरीनं काम चालवणारं एसएफसी, वेब पानं बनवायचं वेबडेव्ह. इन्स्टॉल करताना कोणीतरी सगळ्यावर टिक करून पुढे गेलेलं दिसत होतं. इन्स्टॉलरमध्ये हवे तेवढेच निवडायची सोय असते, पण ‘असू द्या, कामी येईल’ हा आपल्याकडचा स्वभाव. गोठ्यात जुना पंप, जुनी पट्टी, तुटका पास ठेवतात तसं.

ते सगळं चालू होतं म्हणून लगेच काही वाईट होत नव्हतं, हेही खरं. रॅम थोडी जास्त, गेटवे सुरू व्हायला वेळ जास्त. खरी अडचण नव्या आवृत्तीवर जाताना येते. गेटवेची आवृत्ती चढवली की कंपनीचे स्वतःचे मॉड्यूल त्याच इन्स्टॉलरमधून सोबत चढतात. तिसऱ्या पार्टीचे मॉड्यूल मागेच राहतात, ते ज्याचे त्यानं आणून द्यायचे. म्हणून यादीत कोण कुणाचं आहे आणि कोण कशाला लागतं हे आधी ठाऊक हवं. मॉड्यूल टाकायला दोन क्लिक लागतात. काढायचं तर अख्खं जिनिंग समजून घ्यावं लागतं, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

कोण कशाला लागतं हे शोधायचे दोन रस्ते. पहिला सॉफ्टवेअरमधला. मॉड्यूलची एमओडीएल फाइल म्हणजे नुसती झिप असते. झिप उघडायच्या कोणत्याही साधनानं उघडली की आत मॉड्यूलची एक एक्सएमएल फाइल सापडते. तिच्यात मॉड्यूलचं नाव, आवृत्ती, कमीत कमी कोणतं इग्निशन लागतं आणि ते दुसऱ्या कोणत्या मॉड्यूलवर उभं आहे, हे साध्या अक्षरात लिहिलेलं असतं. सगळे ड्रायव्हर ओपीसी यूए वर उभे आहेत हे तिथंच दिसलं. म्हणजे ओपीसी यूएला हात लावला की पीएलसीचं दर्शन बंद. शिवाय मॉड्यूलचे आवृत्ती-आकडे गेटवेच्या आकड्यांसारखे नसतात. गेटवे ८.१ आणि पर्स्पेक्टिव्ह २.१ असं दिसलं तरी घाबरायचं नाही, ती जोडी बरोबर आहे. मग डिव्हाइसची यादी पाहिली: आमच्याकडे दोनच जातीचे ड्रायव्हर खरोखर वापरात. बाकीच्यांच्या नावावर एकही डिव्हाइस नाही.

दुसरा रस्ता माणसांचा, आणि तो जास्त उपयोगी निघाला. रिपोर्टिंग मॉड्यूल मी काढणाऱ्यांच्या यादीत टाकलं होतं. रोज सकाळी त्यातून एक रिपोर्ट निघायचा आणि कोणाच्या तरी ईमेलवर जायचा. तो ईमेल कोणाचा हे ऑफिसात कोणालाच माहीत नाही. शेठजींना विचारलं, ते म्हणाले, “मी नाही पाहत बुवा.” मॅनेजरही नाही. शेवटी प्रेसच्या मुनीमजींना विचारलं, तर त्यांनी कपाटातून फाइलच काढली. रोजचा रिपोर्ट छापून, भोक पाडून लावलेला. ईमेल त्यांच्या मुलाचा. मुलगा नागपूरहून त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, ते गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायचे. प्रत्येक गाठीचा नंबर, वजन, वेळ. व्यापारी आला आणि लॉटच्या वजनावरून बोलाचाली झाली की हीच फाइल टेबलावर पडते. “हे बंद कराचं म्हणता? मंग मी काय दाखवू त्याले, माह्या हातानं लिहेल वही?” असं म्हणून त्यांनी फाइल परत कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली.

ट्रायल संपला असेल त्या सकाळी रिपोर्ट यायचा नाही. फाइलमध्ये अशा दिवसांच्या जागी त्यांनी निळ्या पेनानं ‘मशीन आजारी’ असं लिहून ठेवलं होतं. रिपोर्टिंगचं लायसन्स घ्यायचं, हे तिथंच ठरलं. शेठजींना पटवायला ती फाइल दाखवली, दुसरं काही बोलावं लागलं नाही.

जिवंत सर्व्हरवर काहीही करण्याआधी ते लॅपटॉपवर करून पाहायचं होतं. इथं तोच ट्रायल कामाला आला. लॅपटॉपवर इग्निशन फुकट टाकता येतं आणि दोन तासांच्या हप्त्यानं पाहिजे तेवढं तपासता येतं. गेटवेचा बॅकअप घेतला (जीडब्ल्यूबीके फाइल), लॅपटॉपवर चढवला. चढवताना ‘डिसेबल्ड’ स्थितीत रिस्टोअर करायचा पर्याय असतो, तो निवडायचाच. नाहीतर लॅपटॉप उठतो आणि स्वतःला खरा सर्व्हर समजून त्याच पीएलसीशी बोलायला आणि त्याच डेटाबेसमध्ये लिहायला लागतो. अजून एक गोष्ट: या बॅकअपमध्ये प्रोजेक्ट, टॅग, सेटिंग येतात, पण मॉड्यूलच्या फाइली येत नाहीत. हिस्टोरियनचा डेटाही येत नाही, तो डेटाबेसचा वेगळा काढायचा. इन्स्टॉलेशनच्या फोल्डरमध्ये ‘यूजर-लिब’ आणि त्यात ‘मॉड्यूल्स’ असं एक फोल्डर आहे, ते उचलून पेन ड्राइव्हवर ठेवलं. तिसऱ्या पार्टीच्या मॉड्यूलची जगातली दुसरी प्रत आमच्याकडे नव्हती.

लॅपटॉपवर नवी आवृत्ती चढवली. कंपनीचे सगळे मॉड्यूल ‘रनिंग’. मीटरचं मॉड्यूल ‘फॉल्टेड’. रॅपर लॉग (गेटवेची नोंदवही) उघडला तर जावाच्या, म्हणजे इग्निशन ज्यावर चालतं त्याच्या, लाल ओळींचा पाऊस. नव्या आवृत्तीबरोबर येणारं जावा नवं होतं आणि हे मॉड्यूल जुन्या जावाच्या भरवशावर लिहिलेलं. बनवणाऱ्यांना मेल केला. उत्तर आलं नाही. पुन्हा केला. अजूनही आलेलं नाही.

याच खटाटोपात एक वेगळीच गोष्ट हाती लागली. इग्निशनमध्ये मॉड्यूलवर सही असते. बाहेरचं मॉड्यूल टाकताना गेटवे त्याचं सर्टिफिकेट दाखवतो आणि लायसन्सच्या अटी पुढे करतो. तुम्ही दोन्ही मान्य करेपर्यंत मॉड्यूल बाजूला ‘क्वारंटाइन’मध्ये पडून राहतं. आमच्या मीटरच्या मॉड्यूलवर सहीच नव्हती. मग ते चालत कसं होतं? गेटवेच्या कॉन्फ फाइलमध्ये बिनसहीचे मॉड्यूल चालू द्या असं सांगणारी एक ओळ कोणीतरी घालून ठेवली होती. ती ओळ मॉड्यूल बनवणाऱ्याला स्वतःच्या टेबलावर तपासायला असते. चालू कारखान्यात ती म्हणजे फाटक उघडं टाकून चौकीदाराला सुट्टी देणं. मॉड्यूल गेलं की ही ओळही जाणार, हे तेव्हाच लिहून ठेवलं.

आता मीटर कोण वाचणार? मीटर आरएस-४८५ च्या तारेवर मॉडबस नावाची भाषा बोलतात. पॅनलमध्ये एक छोटा कन्व्हर्टर ते नेटवर्कवर आणतो, पोर्ट ५०२. म्हणजे आमच्या यादीतला कंपनीचा मॉडबस ड्रायव्हर, लायसन्स असलेला, आधीपासून बसलेला, हे काम करू शकत होता. तिसऱ्या पार्टीच्या मॉड्यूलनं फक्त मीटरच्या कंपनीप्रमाणे तयार पत्ते दिले होते. ते पत्ते मीटरच्या पुस्तिकेत असतातच. पुस्तिका पॅनलच्या दाराच्या आत, प्लास्टिकच्या खिशात, धुळीनं तपकिरी झालेली मिळाली.

पत्ते टाकले आणि पहिल्याच मीटरला व्होल्टेजच्या जागी ‘-०.०’ दिसलं. उणे शून्य! पाच मिनिटांनी बघतो तर तिथं तीस आकडी संख्या, पुन्हा उणे शून्य. सोबतच्या इलेक्ट्रिशियननं सीटी-पीटीची (मीटरला करंट-व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) वायरिंग उघडायची तयारी केली. मी त्याला थांबवलं, कारण मीटरच्या स्वतःच्या डिस्प्लेवर ४१५ च्या आसपास दिसत होतं. झालं असं: दशांशाचा आकडा मॉडबसमध्ये १६ बिटांच्या दोन रजिस्टरमध्ये, म्हणजे खान्यांमध्ये, मावतो. काही मीटर वरचा अर्धा आधी पाठवतात, काही खालचा. उलट क्रमानं जोडला तर बरोबर ४१५ चा आकडा उणे आणि इतका बारीक होतो की पडद्यावर त्याचा उणे शून्य बनतो. जरा वेगळे दशांश आले की तोच आकडा आभाळाला भिडतो. मॉडबस डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये शब्दांचा क्रम उलटवायची टिक असते. ती लावली, सेव्ह केलं, ४१६.२. इलेक्ट्रिशियन म्हणाला, “एवढ्या टिकीसाठी मी पॅनल खोलत होतो बापा.”

दुसरा घोळ एकाचा. पुस्तिका पत्ते ४०००१ पासून मोजते, तारेवर ते शून्यापासून जातात. मोजणी एकपासून की शून्यापासून, हीही एक टिक आहे. ती चुकली की अर्धा आकडा या रजिस्टरचा आणि अर्धा शेजारच्याचा येतो. तो आकडा काय निघेल याचा नेम नाही. त्यामुळे फक्त पहिलं रीडिंग जुळलं म्हणून थांबलो नाही. मीटरसमोर एक माणूस उभा केला, तो मोबाईलवर आकडे वाचायचा आणि मी स्क्रीनवर जुळवायचो, एक-एक करून.

जुनं रीडिंग जपायचं होतं, ही अट शेठजींची. हिस्टोरियन टॅगचा माग त्याच्या नावावर आणि फोल्डरच्या वाटेवर ठेवतो. म्हणून नवे टॅग बनवले नाहीत. होते तेच टॅग ठेवून त्यांच्या आतला ओपीसीचा पत्ता तेवढा बदलला. आलेखात मागचं वर्ष आणि नवं रीडिंग एकाच रेषेत आलं, दातांसकट.

खऱ्या सर्व्हरवर काम केलं ते अक्षय तृतीयेनंतर, जिनिंग बंद असताना. सीझनमध्ये कोणी कितीही घाई केली तरी हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेर ४५ अंश, कंट्रोल रूमचा एसी धापा टाकतोय आणि दुपारी लाइन जाणार हे ठरलेलं. म्हणून पहाटेच सुरुवात केली. क्रम असा ठेवला: आधी टॅग नव्या ड्रायव्हरवर वळवले आणि जुन्याच आवृत्तीवर चालू दिले. मीटरचं मॉड्यूल अनइन्स्टॉल केलं. स्क्रीनवर कुठे लाल काही उठतं का ते बघितलं. काही उठलं नाही. मग वापरात नसलेले ड्रायव्हर, व्हॉइस, वेबडेव्ह, एसएफसी. बिनसहीची ओळ काढली, सर्व्हिस बंद-चालू केली. आणि सगळ्यात शेवटी नवी आवृत्ती. प्रत्येक टप्प्याला ताजा बॅकअप. हे सगळं उलट क्रमानं केलं असतं तर एखादी गोष्ट बंद पडल्यावर ती आवृत्तीनं पाडली की काढलेल्या मॉड्यूलनं, हे शोधत बसावं लागलं असतं.

रिपोर्टिंगचं लायसन्स चढवायला इंटरनेट लागतं असं वाटतं, पण आमचा सर्व्हर मुद्दाम नेटवर नाही. गेटवे एक विनंतीची फाइल देतो. ती पेन ड्राइव्हवर घेऊन ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आलो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून कंपनीच्या पानावर चढवली. तिथून लायसन्सची फाइल आली, ती परत गेटवेला दिली. त्या दिवशी टॉवरलाच लाइट नव्हती, त्यामुळे हॉटस्पॉटसाठी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी उभं राहावं लागलं, हे सोडलं तर काही अडलं नाही. लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं असतं. मशीन बदलायचं झालं तर आधी तिथून लायसन्स सोडवायचं आणि मगच फॉरमॅटला हात लावायचा, हे मी कॉम्प्युटरच्या डब्यावरच मार्करनं लिहिलं. आमच्याकडे कॉम्प्युटर स्लो झाला की पहिला उपाय फॉरमॅटच असतो.

पहिल्या गाड्या आल्या तेव्हा ऑपरेटरला गजर बंद करायला सांगितलं. पहिल्या रात्री त्यानं तरीही लावला, सवय. पट्टीत बटण दिसेना, म्हणून पहाटे मला फोन: “भाऊ, बटनच गायब झालं!” मीटर दिसतंय का विचारलं. “ते त दिसते.” मग झोपा म्हटलं.

आता वहीत मॉड्यूलचं एक पान आहे: नाव, आवृत्ती, कोण वापरतं, काढलं तर कोण ओरडेल. ओरडणाऱ्याच्या रकान्यात मुनीमजींचं नाव सगळ्यात वर. काढून टाकलेल्यांची नावंही खाली ठेवली आहेत, कारण पुढचा माणूस विचारेलच.

एसएमएसचं मॉड्यूल तेवढं राहिलं आहे. ते मी काढलं नाही, कारण प्रेसच्या हायड्रॉलिक तेलाचं तापमान चढलं की शेठजींना मोबाईलवर मेसेज पाहिजे आहे. त्यांच्या डोक्यात व्हॉट्सअॅप आहे. ते वेगळं काम आहे, त्याला वेगळं मॉड्यूल आणि बाहेरची सेवा लागेल, वर सर्व्हरला नेट द्यावं लागेल. शिवाय आता ८.३ आलं आहे आणि त्यात आतल्या सेटिंग ठेवायची पद्धतच बदलली आहे. बाहेरचं कोणतंही मॉड्यूल घ्यायचं तर ते ८.३ वर चालतं का हे बनवणाऱ्याकडून लेखी घेऊन मगच. शेठजींनी दिवाळीच्या पूजेलाच विषय काढला होता. मी म्हटलं, आता यार्डात कापूस पडलाय शेठजी, होळीनंतर बोलू.